तेलदूषित मातीचे लोह उत्प्रेरकाद्वारे शुद्धीकरण

लोह उत्प्रेरकाद्वारे शुद्धीकरण ही खनिज तेल, डिझेल इत्यादींनी दूषित झालेल्या मातीतील हायड्रोकार्बनांचे रासायनिक ऑक्सिडीकरण करण्याची पद्धत आहे. लोहामुळे हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात व ते तेलाचे रेणू तोडतात. ऑक्सिडीकरण पूर्ण झाल्यास मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते.

अभिक्रिया
ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लाच्या ऑक्सिडीकरणासंबंधी ही अभिक्रिया प्रसिद्ध केली. म्हणून तिला फेंटन अभिक्रिया म्हणतात. विरघळलेले फेरस लोह वापरल्यास सामू ३ च्या आसपास राखावा लागतो. तो वाढल्यास लोह गाळाच्या रूपाने खाली बसते आणि पुन्हा वापरता येत नाही.

पुनर्वापर
ही अडचण टाळण्यासाठी मॅग्नेटाइट, गोएथाइट यांसारखी घन लोहखनिजे वापरतात. मॅग्नेटाइट चुंबकाने वेगळे करून पुन्हा वापरता येते. मात्र त्यासाठी माती खणून पाण्यात कालवावी लागते. जागेवरच उपचार केल्यास उत्प्रेरक मातीतच राहतो. प्रत्येक वापरात थोडे लोह विरघळते व कणांवर अवशेष साचतात, त्यामुळे त्याची क्षमता घटत जाते.

पनवेल–उरण परिसर
पनवेललगतच्या उरण तालुक्यात न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर व तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व एमव्ही खलिजा–३ या जहाजांच्या टकरीनंतर सांडलेले तेल रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर व खारफुटीत पोहोचले होते.

खाडीकाठच्या खाऱ्या मातीतील क्लोराइड हायड्रॉक्सिल मूलकांना अडवते, त्यामुळे पेरॉक्साइड अधिक लागते. बेसाल्टपासून बनलेल्या मातीत मुळातच मॅग्नेटाइट असते. ते उत्प्रेरक म्हणून उपयोगी पडू शकते. परंतु बाहेरून घातलेला उत्प्रेरक चुंबकाने काढताना तेही सोबत येते.

मर्यादा
अभिक्रियेत उष्णता निर्माण होते. मातीतील सेंद्रिय पदार्थ व उपयुक्त सूक्ष्मजीवही नष्ट होतात. त्यामुळे जिवंत खारफुटीच्या मुळांभोवती ही पद्धत योग्य ठरत नाही. खणून काढलेल्या, अतिदूषित मातीसाठी ती अधिक उपयुक्त आहे. सौम्य रासायनिक उपचारानंतर उरलेले तेल जिवाणूंकरवी नष्ट करता येते. टेरी या संस्थेने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूमिश्रण भारतात तेलगाळ व तेलदूषित जमिनीसाठी वापरले जाते.