तुकडा काढला, पण तो बघितला कुणी?

"नमुना अपुरा आहे. पुन्हा पाठवावा."

फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्याने असा रिपोर्ट हातात पडला, की घरच्यांचं काय होतं हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी जवळून पाहिलंय. पुन्हा दुर्बीण, पुन्हा उपाशीपोटी अॅडमिट, पुन्हा शहराची एसटी आणि लॉज. पैसा जातोच, पण त्याहून महागाचा वेळ जातो. हा वेळ वाचवायची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. आज तिचीच गोष्ट लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

सुरुवात जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून करू. १८९७ साली तिथल्या एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत डुकराच्या हाडाचा तुकडा अडकला. घसा-नाकाचे डॉक्टर गुस्ताव किलियन यांनी कोकेनने घसा बधिर केला, एक सरळ धातूची नळी आत घातली आणि चिमट्याने हाड बाहेर काढलं. ब्राँकोस्कोपीचा जन्म तो हाच. पुढे अमेरिकेत शेवालिए जॅक्सन यांनी हे तंत्र घडवलं. लोकांच्या गळ्यातून आणि छातीतून त्यांनी काढलेल्या टाचण्या, नाणी, बटणं अशा दोन हजारांवर वस्तू आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये ठेवलेल्या आहेत.

म्हणजे सुरुवातीला दुर्बीण होती अडकलेलं काढायला. कॅन्सर शोधायला ती कमी पडायची, कारण सरळ नळी फुफ्फुसाच्या वळणावळणाच्या फांद्यांत शिरणार कशी?

इथे एक भारतीय नाव येतं. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काम करताना त्यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येतं, असं दाखवलं. १९५४ साली 'नेचर'मध्ये तो लेख आला. वाकणाऱ्या दुर्बिणीचा पाया तिथे पडला. त्यावर जपानच्या शिगेतो इकेदांनी फुफ्फुसात जाणारी लवचीक दुर्बीण तयार करून घेतली आणि १९६६ साली कोपनहेगनच्या परिषदेत जगापुढे ठेवली.

त्यानंतर सुई आली. १९७०च्या दशकाअखेरीपासून अमेरिकेत को-पेन वांग यांनी श्वासनलिकेच्या भिंतीतून सुई घालून पलीकडच्या गाठीतल्या पेशी ओढायचं तंत्र रुजवलं. २००० नंतर जपानमध्ये दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी बसवली गेली. आता सुई गाठीत शिरताना पडद्यावर दिसते. मोठ्या शहरांत 'ईबस' म्हणतात ती हीच तपासणी.

यंत्राची गोष्ट इथे संपते. पण सुई गाठीत शिरली म्हणून पेशी मिळाल्याच, असं नसतं. कधी नुसतं रक्त येतं, कधी श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी येतात, कधी गाठीचा आतून सडलेला भाग येतो. डोळ्याला सगळं सारखंच लाल दिसतं. खरं काय ते मायक्रोस्कोपखालीच कळतं.

यावरचा उपाय ऑपरेशन थिएटरवाल्यांना कधीच सापडला होता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या विल्यम मेयो यांनी आपल्या पॅथॉलॉजिस्टकडे मागणी केली, की पेशंट टेबलावर असतानाच गाठ कॅन्सरची आहे का ते सांगा. लुई विल्सन यांनी तुकडा गोठवून, पातळ कापून, रंग देऊन काही मिनिटांत उत्तर द्यायची पद्धत बसवली. साल १९०५. फ्रोझन सेक्शन म्हणतात ते हेच.

दुर्बिणीतून येणारा नमुना मात्र इतका बारीक असतो, की गोठवून कापायला गेलं तर तोच वाया जायचा. म्हणून इथे दुसरी रीत आली. सुईतला थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पसरवायचा, वाळवायचा, झटपट रंगात बुडवायचा आणि तिथेच ठेवलेल्या मायक्रोस्कोपखाली बघायचा. दोन-चार मिनिटांचं काम. डॉक्टर मंडळी याला 'रोज' म्हणतात. गुलाबाशी संबंध नाही, इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. अर्थ एवढाच, की नमुना जागेवरच बघणं.

बघणारा पॅथॉलॉजिस्ट किंवा शिकलेला तंत्रज्ञ काय सांगतो? नुसतं रक्त दिसलं तर 'जागा बदला'. कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर 'आता काचपट्ट्या पुरे, पुढचा माल जपून ठेवा'. आणि टीबीसारखी सूज दिसली तर 'थोडा भाग सलाईनमध्ये द्या'. हे शेवटचं आपल्यासाठी फार मोलाचं. कारण सगळा नमुना फॉर्मलीनमध्ये गेला, की त्यातले जंतू मरतात आणि टीबीचं कल्चर होऊच शकत नाही.

जगातले साधारण पाव टीबी पेशंट भारतात आहेत. एक्स-रेवर डाग दिसला, खोकला आणि वजन घटणं असलं, की आधी टीबीचाच विचार होतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण काही जण महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या खात राहतात आणि आतला कॅन्सर वाढत राहतो. उलटंही घडतं. कॅन्सर म्हणून घर हादरतं आणि निघतो टीबी. दोन्हींचा निकाल त्याच थेंबात असतो.

दुसरं कारण २००४ नंतरचं. त्या वर्षी कळलं, की फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआर या जनुकात ठरावीक बदल असतो आणि असा बदल असेल तर गोळीवर उपचार चालतो. आपल्या देशात अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये हा बदल सापडतो. म्हणजे 'कॅन्सर आहे' एवढं आता पुरत नाही. कोणता प्रकार, कोणतं जनुक, हे सगळं त्याच इवल्याशा नमुन्यातून काढायचं असतं. तो आधीच संपला, तर पेशंटला गोळी चालली असती की नाही हे कळणारच नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की पॅथॉलॉजिस्ट खोलीत असला म्हणजे निदान दरवेळी जास्तच होतं असं अभ्यास म्हणत नाहीत. निष्णात हात असेल आणि प्रत्येक गाठीत तीन किंवा जास्त वेळा सुई घातली, तर त्याच्याशिवायही उत्तर बऱ्याचदा मिळतं. पण जागेवर बघितलं तर विनाकारण टोचणं आणि जादाचे तुकडे काढणं कमी होतं, हे दिसलंय. जिथे हात अजून बसायचाय, तिथे हा आधार मोठा.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. नियोजन समितीचा निधी येतो, दुर्बीण येते, फीत कापली जाते, पेपरात यंत्राचा फोटो येतो. यंत्र हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण तुकडा काढल्यावर तो बघणारं माणूस कुठे बसतं, हे फीत कापताना कुणी विचारत नाही. छातीरोग विभाग आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात असतील, तर लागतं काय? एक मायक्रोस्कोप, काचपट्ट्या, रंगाच्या बाटल्या आणि ठरलेल्या वारी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर येणारं माणूस. यात सगळ्यात महाग आहे ते माणूस, आणि भरती नेमकी त्याचीच रखडते.

घरात कुणाची ही तपासणी ठरली असेल, तर डॉक्टरांना शांतपणे चार गोष्टी विचारा. नमुना जागेवर बघायला कुणी असेल का? नसेल तर सुई किती वेळा घालणार? टीबीसाठी वेगळा भाग ठेवणार का? कॅन्सर निघाला तर जनुकांच्या तपासणीपुरता नमुना उरेल ना? आणि रिपोर्टसोबत ब्लॉक आणि काचपट्ट्या कुठे आहेत त्याची नोंद ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं, तर मागून त्याच न्यायच्या असतात.

विल्यम मेयोंनी मागितलं होतं ते एवढंच, की पेशंट टेबलावर आहे तोवर सांगा. पुढच्या वेळी आमदार, पालकमंत्री नवं यंत्र घेऊन येतील तेव्हा त्यांचं स्वागत करा. आणि तिथेच विचारा, साहेब, यातून निघालेला तुकडा बघणार कोण?