जुना सर्व्हर फायरवॉल म्हणून वापरताना : आधी हार्डवेअरची ओळख पटवा

संगमनेर, प्रतिनिधी

कार्यालयातील मुख्य कामातून निवृत्त झालेला सर्व्हर कोपऱ्यात धूळ खात ठेवण्यापेक्षा त्याचा फायरवॉल म्हणून उपयोग करावा, हा विचार काटकसरीचा आहे आणि पुष्कळदा रास्तही आहे. संस्थेचे अंतर्गत जाळे आणि इंटरनेट यांच्या मधोमध उभे राहून येणारी-जाणारी प्रत्येक माहिती नियमांनुसार सोडायची वा अडवायची, एवढेच फायरवॉलचे काम असते. त्यासाठी फार बलवान यंत्र लागत नाही. 'पीएफसेन्स', 'ओपीएनसेन्स', 'आयपीफायर' यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात. मात्र अशा यंत्रात प्रणाली बसली, पडदा उजळला आणि संकेतस्थळे उघडू लागली की काम फत्ते झाले, असे समजणे धोक्याचे आहे. यंत्र सुरू होणे वेगळे आणि यंत्रातील प्रत्येक भाग प्रणालीने नीट ओळखणे वेगळे. यंत्र बंद पडले तर निदान लगेच कळते. अर्धवट ओळखलेले हार्डवेअर मात्र महिनोन्महिने लक्षात येत नाही.

सहकारी साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, अभियांत्रिकी व अन्य महाविद्यालये यांचे जाळे असलेल्या संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नाला व्यवहाराची बाजू आहे. ऊस आणि दुधाची देणी, ठेवींचे व्यवहार, प्रवेशाचे अर्ज अशी बरीच कामे आता इंटरनेटवरून होतात. जुन्या सर्व्हरचा एखादा भाग ऐनवेळी बिघडला आणि स्थानिक बाजारात मिळाला नाही, तर तो सुमारे ७० किलोमीटरवरील नाशिकहून किंवा त्याच्या दुप्पट अंतरावरील पुण्याहून मागवावा लागतो. त्यामुळे तपासणी यंत्र कामाला लावण्यापूर्वीच झालेली बरी.

तीन वेगळे प्रश्न

हार्डवेअर 'ओळखले' या एकाच शब्दात तीन प्रश्न दडलेले असतात. तो भाग यंत्राच्या मुख्य पट्ट्यावर, म्हणजे मदरबोर्डवर, दिसतो का? त्याच्यासाठी योग्य ड्रायव्हर प्रणालीकडे आहे का? आणि तो ड्रायव्हर त्या भागाकडून प्रत्यक्ष काम करून घेत आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले की पुढच्या दोन प्रश्नांकडे दुर्लक्ष होते. घोटाळा नेमका तेथेच होतो.

पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक भागात निर्मात्याचा आणि उपकरणाचा असे दोन क्रमांक कोरलेले असतात. निर्मात्याचा क्रमांक ८०८६ असेल तर तो भाग इंटेलचा, १०ईसी असेल तर रिअलटेकचा आणि १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमचा. लिनक्समधील 'एलएसपीसीआय' ही कमांड हे क्रमांक वाचते आणि आपल्याकडील यादीत पाहून नाव दाखवते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. नाव दिसले म्हणजे ड्रायव्हर आहे असे नाही, आणि नावाऐवजी नुसता क्रमांक दिसला म्हणजे ड्रायव्हर नाही असेही नाही. कदाचित नावांची यादीच जुनी असेल. म्हणून या कमांडला 'एनएन' आणि 'के' हे पर्याय जोडावेत. त्यामुळे क्रमांकांबरोबरच कोणता ड्रायव्हर सध्या वापरात आहे, हेही प्रत्येक भागाखाली दिसते. ती ओळ नसेल, तर तो भाग बिनकामाचा पडून आहे असे समजावे.

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या प्रणाली फ्रीबीएसडीवर आधारलेल्या आहेत. तेथे 'पीसीआयकॉन्फ' ही कमांड 'एल' आणि 'व्ही' या पर्यायांसह वापरतात. ज्या भागाला ड्रायव्हर मिळालेला नाही, त्याची ओळ 'नन' या शब्दाने सुरू होते. अशी प्रत्येक ओळ संकट नसते. फायरवॉलला ध्वनी कार्डाची गरज नाही. मात्र ती ओळ नेटवर्क कार्डाची असेल तर पुढे जाऊ नये.

कार्ड दिसते, पण चालत नाही

२००६ च्या सुमारास आलेल्या डेलच्या पॉवरएज २९५० सारख्या सर्व्हरांमध्ये मदरबोर्डवरच ब्रॉडकॉमची गिगाबिट नेटवर्क जोडणी असते. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर आहे. पण त्या चिपला सुरू होताना फर्मवेअरची एक स्वतंत्र फाइल लागते. डेबियनने २०११ च्या आवृत्तीपासून अशा मुक्त नसलेल्या फाइली मुख्य संचातून वेगळ्या केल्या आणि २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून त्या स्थापनेच्या संचात पुन्हा दिल्या. मधल्या काळातील संच वापरला, तर कार्ड यादीत दिसते, ड्रायव्हरचे नावही दिसते, पण जोडणी सुरू होत नाही. याचा उलगडा 'डीमेसेज' या कमांडने होतो. यंत्र सुरू होताना प्रणालीने लिहिलेली सारी रोजनिशी ती दाखवते. तीत फर्मवेअर सापडले नाही, उपकरणाने प्रतिसाद दिला नाही, वेळ संपली अशा आशयाच्या ओळी शोधाव्यात.

उलट अनुभवही येतो. काल ओळखले जाणारे कार्ड प्रणाली अद्ययावत केल्यावर दिसेनासे होते. फ्रीबीएसडीच्या २०२१ मधील १३.० आवृत्तीतून १० आणि १०० मेगाबिटच्या अनेक जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकण्यात आले. एनई-२००० जातीची कार्डे त्यांपैकीच. रेड हॅटच्या २०१९ मधील आठव्या आवृत्तीने काही जुन्या रेड कंट्रोलरांचा आधार काढला. पीएफसेन्सच्या २०१७ मधील २.४ आवृत्तीपासून ३२ बिटांचे प्रोसेसर बाद झाले. म्हणून जुन्या यंत्रावर अद्ययावतीकरण करण्यापूर्वी नव्या आवृत्तीची टिपणे वाचावीत आणि सेटिंगची प्रत बाहेर काढून ठेवावी. आधार तुटेल या भीतीने वर्षानुवर्षे जुनीच आवृत्ती चालू ठेवणे हा उपाय नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारी फायरवॉल म्हणजे कुलूप नसलेला दरवाजा.

आत कोणते, बाहेर कोणते

फायरवॉलमध्ये किमान दोन नेटवर्क कार्डे लागतात. एक इंटरनेटकडे, दुसरे कार्यालयाकडे. या दोहोंची अदलाबदल झाली तर आतल्यांसाठी लिहिलेले सैल नियम बाहेरच्यांना लागू होतात. पूर्वी लिनक्समध्ये कार्डांना ती सापडतील त्या क्रमाने 'इथ-शून्य', 'इथ-एक' अशी नावे मिळत. नवे कार्ड घातले किंवा जुने एखाद्या वेळी उशिरा जागे झाले, तर हा क्रम बदलू शके. हा धोका टाळण्यासाठी २०१३ पासून कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत रूढ झाली. तरीही कार्ड एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत बसवले की नाव बदलतेच.

यावर खात्रीचा उपाय साधा आहे. प्रत्येक कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता कागदावर उतरवावा आणि तोच पत्ता असलेली चिठ्ठी सर्व्हरच्या मागील बाजूस त्या पोर्टशेजारी चिकटवावी. कोणता पोर्ट कोणता, हे कळत नसेल तर लिनक्समधील 'इथटूल' कमांडला 'पी' हा पर्याय दिला असता त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. पीएफसेन्समध्ये सुरुवातीलाच केबल जोडून पोर्ट ओळखण्याची सोय आहे. काहीच नसेल तर एक केबल काढावी आणि कोणत्या कार्डाची जोडणी तुटली ते पडद्यावर पाहावे.

वेग, मेमरी आणि डिस्क

कार्ड चालू लागल्यावर ते पूर्ण वेगाने चालते का, हे पाहावे. गिगाबिट वेगासाठी केबलमधील चारही जोड्या, म्हणजे आठही तारा, शाबूत लागतात. एक तार तुटली तरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरते आणि कोणाला पत्ता लागत नाही. 'इथटूल' हा वेग दाखवते. फ्रीबीएसडीत तो 'आयएफकॉन्फिग' मध्ये दिसतो. जुन्या पीसीआय खाचेची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झच्या या मार्गाची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, म्हणजे साधारण एक गिगाबिट, आणि तीही सर्व कार्डांनी वाटून घ्यायची असते. फायरवॉलमध्ये माहिती एका कार्डातून येऊन दुसऱ्यातून जाते, तेव्हा तोच मार्ग दोनदा वापरला जातो. परिणामी अशा दोन गिगाबिट कार्डांकडून अर्ध्या गिगाबिटपेक्षा अधिक वेगाची अपेक्षा ठेवू नये.

मेमरीबाबत खाचांत बसवलेली किती आणि प्रणाली वापरते किती, हे दोन्ही आकडे पाहावेत. पहिला 'डीएमआयडीकोड' देते, दुसरा 'फ्री'. दोहोंत मोठी तफावत असेल तर एखादी पट्टी नीट बसलेली नाही, खराब आहे किंवा प्रणाली ३२ बिटांची आहे, असे समजावे. 'मेमटेस्ट' ही चाचणी एक रात्रभर चालवून पाहणे उत्तम.

डिस्कच्या बाबतीत रेड कार्ड फसवते. दोन डिस्क मिळून ते प्रणालीला एकच डिस्क दाखवते. त्यांतील एक डिस्क मेली तरी प्रणालीच्या लेखी सारे आलबेल असते. म्हणून रेड कार्डाच्या स्वतःच्या मेन्यूत किंवा 'स्मार्टसीटीएल' कमांडला कार्डाचा प्रकार सांगून प्रत्येक डिस्कची प्रकृती स्वतंत्रपणे तपासावी.

शाखांशी व्हीपीएनने जोडणी करायची असेल, तर प्रोसेसरमध्ये एईएस कूटलेखनाची अंगभूत सोय आहे का ते पाहावे. इंटेलच्या सर्व्हरांत ती २०१० मधील झिऑन ५६०० मालिकेपासून आली. ती असूनही दिसत नसेल तर बायोसमध्ये बंद केलेली असू शकते. त्याहून जुन्या प्रोसेसरांची आणखी एक अडचण आहे. २०१८ च्या जानेवारीत 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाउन' हे दोष उघड झाल्यावर इंटेलने काही जुन्या पिढ्यांसाठी दुरुस्ती न देण्याचे जाहीर केले. २००७-०८ च्या अनेक सर्व्हरांतील 'हार्परटाउन' झिऑन त्यांत आहेत. अशा यंत्रावर फायरवॉलखेरीज दुसरे काहीही चालवू नये.

वीज गेल्यावर

शेवटची परीक्षा वीज जाण्याची. मदरबोर्डवरील तीन व्होल्टची सीआर-२०३२ बॅटरी जुन्या यंत्रात बहुधा संपलेली असते. मग वीज येताच घड्याळ मागे जाते, बायोसची सेटिंग पुसली जातात आणि यंत्र 'एफ-१ दाबा' असे सांगत थांबून राहते. मध्यरात्री ते बटण दाबायला कोणी नसते. म्हणून बॅटरी नवी घालावी, वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे असे बायोसमध्ये ठरवावे आणि कळफलक व पडदा काढून, वीज तोडून-जोडून, पुन्हा एकदा सर्व कार्डे पूर्वीच्याच नावाने आली का ते पाहावे.

नियम आणि नोंदवही

घड्याळाचा मुद्दा आता कायद्याशीही निगडित आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत, घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवायची आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. चुकीच्या वेळेच्या नोंदी तपासात निरुपयोगी ठरतात. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. संगणकीय साधनांची अद्ययावत नोंदवही ठेवणे तीत अपेक्षित आहे. बँक नसलेल्या संस्थेनेही ही सवय उचलण्याजोगी आहे. वरील सर्व कमांडींचे उत्तर तारखेसह छापून फाइलला लावले की नोंदवहीचे पहिले पान तयार होते. पुढे बिघाड झाला, तर काय बदलले हे त्या पानाशी ताडून पाहता येते.

जुने केव्हा सोडावे

हिशेबही मांडावा. सतत २०० वॅट वीज घेणारा सर्व्हर दिवसाला ४.८ आणि वर्षाला १७५२ युनिट खातो. दर युनिटला १० रुपये धरला तर खर्च १७,५२० रुपये. १५ वॅटचे छोटे, पंखाविरहित यंत्र वर्षाला १३१ युनिटांत भागवते. म्हणजे फुकट वाटणारा सर्व्हर दरवर्षी किंमत वसूल करत असतो. नेटवर्क कार्डाला ड्रायव्हर नाही, प्रणालीच्या चालू आवृत्तीचा आधार नाही, अथवा सुटे भाग मिळत नाहीत, यांपैकी एक गोष्ट जरी आढळली तरी त्या यंत्राला पहाऱ्यावर ठेवू नये. ही तिन्ही संकटे नसतील, वीजबिल परवडत असेल आणि तपासणीचा कागद फाइलमध्ये असेल, तर जुना सर्व्हर आणखी काही वर्षे इमानाने काम करू शकेल. मात्र प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर आणि यंत्र उघडल्यानंतर तीच तपासणी पुन्हा करावी.