तळटीप : ‘साडेबारा टक्के’

विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’वर (१९९१) बोलताना नवी मुंबईचे वाचक ‘आमचे साडेबारा टक्के’ म्हणतात; हा संदर्भ कादंबरीतला नव्हे, त्यांच्या घरचा. शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. कादंबरीत धरणाखाली गावच बुडते. नवी मुंबईत गावठाण जागेवर राहिले, शेते आणि मिठागरे गेली. म्हणून ‘आम्ही विस्थापित की नाही?’ हा वाद पोकळ नाही. विमानतळासाठी मात्र पुढे दहा गावे उठली.