घाटमाथ्यावरचे पाणी आणि ऊन

लोणावळ्यास पावसाळ्यात जाणाऱ्या पुणेकराला वळवणचे धरण ठाऊक असते. ते कशासाठी बांधले हे ठाऊक असतेच असे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्यांनी पूर्वेकडे भीमेस मिळावयाचे. ते अडवून पश्चिमेस घाटाखाली सोडले, तर सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून कोसळेल आणि त्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालतील, या कल्पनेने जमशेटजी टाटांच्या मनात घर केले होते. ते १९०४ साली वारले. त्यांचे चिरंजीव दोराबजी यांस लंडनमध्ये भांडवल मिळेना. तेव्हा हिंदी संस्थानिक व व्यापारी पुढे आले. १९१० साली कंपनी निघाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते वळवणच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोचली.

या हकीकतीत उद्योगपतीचे धाडस सर्वांस दिसते. सरकारचा हात तितकासा दिसत नाही, आणि आम्हांस बोट दाखवावयाचे आहे ते तिकडेच. गव्हर्नरने नुसती कोनशिला बसविली नाही. हिंदी भांडवलाने हे काम अंगावर घ्यावे म्हणून त्याने उत्तेजनही दिले. १९२२ साली आंध्र मावळातल्या ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजघर सुरू झाले, १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे. शास्त्र आणि पैसा दोन्ही होते. पण सरकारने वाट मोकळी केली नसती, तर पाणी पूर्वेकडेच वाहत राहिले असते.

ती वाट कोणाच्या शेतातून गेली, हेही सांगितले पाहिजे. मुळशी खोऱ्यातील सुमारे ५२ गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घ्यावयाच्या ठरल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो सत्याग्रह चालविला. १९२४ च्या अखेरीस तो मोडला. पुण्यात राहणाऱ्या सावकार-जमीनदारांस मोबदला हवा होता आणि कसणाऱ्यास जमीन, ही फूटही त्याच्या मुळावर आली. सरकारी पाठबळ एवढे समर्थ असते, की ते ज्याच्या बाजूस नसेल तो चिरडला जातो.

आता उन्हाचा विचार करू. २०१० साली केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरूंच्या नावाने सौर अभियान सुरू केले. २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॉट हे त्याचे उद्दिष्ट २०१५ साली एक लाखावर नेले. पैकी चाळीस हजार घरांच्या व इमारतींच्या छपरांवर व्हावयाचे होते. मोठी सौर केंद्रे झपाट्याने उभी राहिली. छपरांचा मात्र मुदतीत चौथा हिस्साही झाला नाही. आमच्या मते यात नवल नाही. मोठ्या केंद्रास पंचवीस वर्षांचा खरेदीचा करार मिळतो. घरमालकास अर्ज, मीटर आणि हेलपाटे. २०२४ च्या ‘सूर्यघर’ योजनेने तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान दिले, ते योग्यच झाले. पण भाडेकऱ्यास स्वतःचे छप्पर नाही, आणि कौलारू घराच्या आदिवासी वाडीस उरलेला खर्च झेपत नाही. त्यांच्यासाठी गावाच्या सामाईक जागेवर सौरसंच बसवून प्रत्येकाच्या बिलात त्याचा वाटा वजा करण्याची सोय सरकारलाच करावी लागेल.

राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. २०१७ साली ती निघाली. २०२३ च्या सुधारित रूपात खाजगी जमीन भाड्याने घेतात, दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, आणि सातबारा शेतकऱ्याच्या नावावरच राहतो. मुळशीच्या शेतकऱ्यास शंभर वर्षांपूर्वी एवढे जरी कोणी देऊ केले असते!

मावळात ऊन चार महिने ढगांआड असते, ही शंका रास्त आहे. पण ते चार महिने तलाव भरण्याचे. उरलेल्या आठ महिन्यांत ऊन कडक, प्रश्न संध्याकाळचा. त्यावर तोडगा या तलावांतच आहे: दुपारच्या जादा विजेने खालचे पाणी वर चढवावयाचे, दिवेलागणीस ते सोडावयाचे. चढवताना-उतरवताना चौथा-पाचवा हिस्सा वीज खर्ची पडते, तरी हिशेब जमतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात अशा दोन कामांचा सामंजस्य करार झाला: लोणावळ्याजवळ शिरवट्यास १८०० मेगावॉट, भिवपुरीस १०००, अंदाजे खर्च तेरा हजार कोटी. म्हणजे ही जुनी धरणे नव्या कामास लागणार.

तेव्हा करारात कोणत्या अटी घालावयाच्या, हा प्रश्न मावळापुढे प्रत्यक्ष आहे. नवी जमीन लागलीच तर ती भाड्याने की विकत? साठवलेल्या विजेचा काही भाग नाणे मावळ, आंध्र मावळातल्या शेतीवाहिन्यांस स्वस्तात मिळेल काय? आणि उन्हाळ्यात कोणाचे पाणी आधी, हे ठरविणार कोण? ही कलमे काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभांपुढे वाचून दाखवावीत, अशी आमची मागणी आहे.