सूक्ष्मजंतूंच्या पटलातील फॉस्फोलिपिडे

सूक्ष्मजंतूच्या कोशिकेभोवती (पेशीभोवती) असणारे पातळ पटल मुख्यतः प्रथिने व फॉस्फोलिपिडे यांचे बनलेले असते. फॉस्फोलिपिडाच्या रेणूत ग्लिसरॉलाला वसाम्लांच्या दोन शृंखला व एक फॉस्फेटयुक्त शीर्ष जोडलेले असते. शीर्ष जलस्नेही आणि शृंखला जलद्वेषी असल्यामुळे हे रेणू पाण्यात आपोआप दुहेरी थर तयार करतात. एश्चेरिकिया कोलाय  या आतड्यातील सूक्ष्मजंतूत फॉस्फॅटिडिल एथॅनॉलअमाइन सु. ७५%, फॉस्फॅटिडिल ग्लिसरॉल सु. २०% व उरलेले बहुतांशी कार्डिओलिपिन असते. पटलातील लिपिडे म्हणजे कोशिकेला वेढणारे केवळ निष्क्रिय आवरण होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती चयापचयात (सजीवात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींत) प्रत्यक्ष भाग घेतात आणि प्रतिकूल परिस्थितीत कोशिकेचे रक्षण करतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रमाक्रमाने स्पष्ट झाली.

प्रारंभीचे संशोधन : गॉब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी अंड्याच्या पिवळ्या बलकातून फॉस्फरसयुक्त वसामय पदार्थ मिळविला व १८५० मध्ये त्याला ‘लेसिथीन’ हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओव्हर्टन यांना असे आढळले की, वसेत विरघळणारे पदार्थ कोशिकेत सहज शिरतात. पटल वसामय असावे असे अनुमान त्यांनी यावरून काढले. १९२५ मध्ये गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तकोशिकांतील लिपिडांचे मापन करून त्यांचा थर दुहेरी असल्याचे प्रतिपादन केले.

सूक्ष्मजंतूंच्या लिपिडांकडे लक्ष वेधले गेले ते मात्र रोगांच्या अभ्यासामुळे. येल विद्यापीठात आर. जे. अँडरसन यांनी क्षयाच्या जंतूतील लिपिडांचे विस्तृत विश्लेषण केले. १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयापासून कार्डिओलिपिन वेगळे केले. उपदंशाच्या रक्तपरीक्षेसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. हेच द्रव्य सूक्ष्मजंतूंच्या पटलातही असते, असे पुढे दिसून आले. तथापि पटल कोशिकाभित्तीपासून वेगळे करता येत नसल्याने लिपिडांचे नेमके स्थान अनिश्चित होते. १९५३ मध्ये क्लेस वायबुल यांनी लायसोझाइम या एंझाइमाने बॅसिलस मेगाटेरियम  या सूक्ष्मजंतूची भित्ती विरघळविली आणि ही अडचण दूर झाली. उरलेली कोशिका गोल आकार धारण करते व सौम्य विद्रावात फुटते. म्हणजे तिला आकार व बळकटी देते ती भित्ती आणि आतले द्रव्य राखते ते पटल, हे यावरून सिद्ध झाले.

चयापचयातील कार्य : फॉस्फोलिपिडांच्या संश्लेषणाचा मार्ग उलगडण्याचे श्रेय मुख्यतः यूजीन केनेडी व त्यांचे सहकारी यांच्याकडे जाते. १९६३ मध्ये कॅन्फर व केनेडी यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरून ए. कोलाय  मधील लिपिडांचा मागोवा घेतला. फॉस्फॅटिडिल एथॅनॉलअमाइन स्थिर राहते, पण फॉस्फॅटिडिल ग्लिसरॉल सतत मोडले जाते व नव्याने तयार होते, असे त्यांना आढळले. बरीच ऊर्जा खर्चून बनविलेला रेणू कोशिका लगेच का मोडते, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला.

त्याचे उत्तर दहा वर्षांनी मिळाले. १९७३ मध्ये व्हान गोल्डे, शुलमन व केनेडी यांनी आतील व बाहेरील पटलांमधील अवकाशात असणारी विशिष्ट शर्करासंयुगे शोधून काढली. फॉस्फॅटिडिल ग्लिसरॉलाचे शीर्ष तुटून या संयुगांना जोडले जाते. भोवतालच्या पाण्यात विद्रुत द्रव्ये कमी असली की, या शर्करांचे उत्पादन वाढते व बदललेल्या तर्षणाशी जुळवून घेण्यास कोशिकेला मदत होते, हे केनेडी यांनी १९८२ मध्ये दाखविले. शीर्ष गेल्यावर उरणारे डायग्लिसराइड वाया न जाता एका एंझाइमामुळे पुन्हा संश्लेषणात येते. सारांश, पटल हे चयापचयाला कच्चा माल पुरविणारे कोठारही आहे.

लिपिडांचा प्रथिनांच्या रचनेशीही संबंध असतो. विल्यम डाउहान व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये फॉस्फॅटिडिल एथॅनॉलअमाइन मुळीच नसलेला ए. कोलाय  चा प्रकार वाढवून दाखविला. मात्र त्याच्या वाढीसाठी मॅग्नेशियमासारखे आयन मुबलक लागतात. या प्रकारात दुग्धशर्करा आत आणणाऱ्या प्रथिनाचा काही भाग पटलात उलट दिशेने बसतो व संहतीविरुद्ध शर्करा ओढून घेण्याची त्याची क्षमता नष्ट होते. लिपिड पुन्हा उपलब्ध झाले की, प्रथिन पूर्ववत होते, असे २००२ पासूनच्या प्रयोगांत आढळले.

ताणांना प्रतिकार : तापमान उतरले की, पटल थिजू लागते. मार व इंग्रॅहॅम यांनी १९६२ मध्ये असे दाखविले की, तापमान कमी होताच ए. कोलाय  मधील असंतृप्त वसाम्लांचे प्रमाण वाढते. १९७४ मध्ये सिनेन्स्की यांनी १५° ते ४३° से. या मर्यादेत वाढविलेल्या सूक्ष्मजंतूंची तुलना केली. प्रत्येकाच्या लिपिडांची श्यानता (दाटपणा) त्याच्या वाढीच्या तापमानास जवळजवळ सारखीच असते, असे त्यांना दिसून आले.

वाढ थांबण्याच्या सुमारास अनेक सूक्ष्मजंतू असंतृप्त वसाम्लांत एक कार्बन अणू घालून तीन कार्बनांचे वलय तयार करतात. अशा प्रकारचे वसाम्ल हॉफमन व लूकस यांनी १९५० मध्ये लॅक्टोबॅसिलसातून  मिळविले होते. परंतु ही क्षमता नसलेली उत्परिवर्तित कोशिकाही प्रयोगशाळेत नीट वाढत असल्याने वलयाचा उपयोग दीर्घकाळ कळला नाही. अखेर १९९९ मध्ये चँग व क्रोनन यांनी अशा कोशिका एकाएकी तीव्र अम्लात ठेवल्या, तेव्हा त्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. जठरातील अम्लातून पार होणाऱ्या जंतूच्या दृष्टीने या संरक्षणाचे महत्त्व उघड आहे.

फॉस्फेटाची टंचाई झाल्यास काही सूक्ष्मजंतू फॉस्फोलिपिडांऐवजी फॉस्फरसविरहित लिपिडे वापरतात. मिनिकिन व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये स्यूडोमोनास डिमिन्यूटा  या जातीत अंशतः असा बदल नोंदविला. टोल्यूइनासारख्या विषारी विद्रावकात टिकणाऱ्या स्यूडोमोनास  जातींत वसाम्लांची वाकडी शृंखला सरळ केली जाते व त्यामुळे पटल घट्ट होते.

वैद्यकीय महत्त्व : फॉस्फॅटिडिल ग्लिसरॉलाला लायसीन हे ॲमिनो अम्ल जोडलेले असू शकते, असे मॅकफार्लेन यांनी १९६२ मध्ये दाखविले. या जोडणीमुळे पटलावरील ऋण विद्युत् भार घटतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस  या जंतूतील हे कार्य करणारे जनुक काढून टाकल्यास तो शरीरातील धन भारित संरक्षक पेप्टाइडांना सहज बळी पडतो, असे पेशल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सिद्ध केले. डॅप्टोमायसीन हे प्रतिजैव औषध २००३ मध्ये अमेरिकेत संमत झाले. ते कॅल्शियमाच्या साहाय्याने फॉस्फॅटिडिल ग्लिसरॉल असलेल्या पटलावर आघात करते. उपचारांना दाद न देणाऱ्या जंतूंत याच जनुकातील उत्परिवर्तने वारंवार आढळली आहेत. औषधांचे लक्ष्य केवळ प्रथिने व भित्ती एवढ्यापुरते मर्यादित नाही आणि पटलाची रासायनिक घडण बदलूनही जंतू औषधाला चुकवू शकतो, हे त्यावरून दिसून येते.