अभावाची नोंद

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या नोंदवहीत मृत्युदिनांकाचा एक रकाना असतो आणि बहुतेक नावांपुढे तो रिकामा असतो. त्या रिकामेपणाचा अर्थ काय? गृहस्थ हयात आहेत, की ते वारल्याची वर्दी अद्याप आलेली नाही, की लिहिणाऱ्याचे लक्ष चुकले? अनुभवी कारकून अशा जागी थबकतो, चौकशी करतो आणि मगच पुढे जातो. यंत्राला थबकणे ठाऊक नसते. रिकाम्या जागेचे काय करावयाचे हे त्याला आधी सांगून ठेवावे लागते. ते सांगावयाचे राहिले, तर यंत्र रिकाम्या जागेलाच तारीख समजून हिशेब करू लागते, किंवा मध्येच बंद पडते. संगणकाच्या भाषांच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासातील एक धागा ह्या रिकाम्या रकान्याभोवती गुंफलेला आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ १९६५ सालचा. टोनी होअर हे इंग्रज शास्त्रज्ञ त्या वेळी 'अल्गोल डब्ल्यू' ह्या भाषेच्या रचनेत गुंतले होते. होअर ह्यांचा जन्म १९३४ साली कोलंबोत झाला. ऑक्सफर्डला त्यांनी ग्रीक, लॅटिन व तत्त्वज्ञान ह्यांचा अभ्यास केला, आणि क्रमवारी लावण्याच्या 'क्विकसॉर्ट' ह्या पद्धतीने त्यांचे नाव आधीच झालेले होते. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखविणारी जी खूण, तिला संदर्भ म्हणतात. अशा संदर्भाचा प्रत्येक वापर पूर्णपणे निर्धोक असावा आणि त्याची तपासणी भाषेच्या कंपायलरनेच करावी, असा होअर ह्यांचा संकल्प होता. परंतु ज्याला दाखवावयास काहीच नाही अशा संदर्भाचे काय करावे? त्यासाठी त्यांनी 'नल' नावाची एक मोकळी खूण भाषेत घातली. ती घालणे फारच सोपे होते आणि तो मोह त्यांना आवरला नाही.

सोपी गोष्ट लवकर पसरते. पुढे 'सी', 'सी प्लस प्लस' आणि १९९५ साली 'जावा' ह्या भाषांतूनही ही मोकळी खूण नांदू लागली. तिच्यातील दोष वरवर लहान, पण मुळाशी बसलेला होता. 'दिनांक' आणि 'असला तर दिनांक' ह्या दोन वस्तुतः भिन्न गोष्टी होत. कंपायलरच्या लेखी मात्र त्यांच्यातील भेदच पुसला गेला. कोठे रिकामी जागा संभवते हे लिहिणाऱ्याने स्मरणात ठेवावयाचे, आणि स्मरण चुकले की चालता कार्यक्रम कोसळावयाचा. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत होअर ह्यांनी ह्या कल्पनेला आपली अब्जावधी डॉलरांची चूक म्हटले. ट्युरिंग पारितोषिकाचा मानकरी भर सभेत आपल्या चुकीचा हिशेब मांडतो, हे दृश्य विज्ञानाच्या इतिहासातही विरळाच.

विशेष असे की, ह्या दुखण्यावरील औषध त्यापूर्वी कित्येक वर्षे तयार होते. १९६७ साली कोपनहेगन येथील व्याख्यानांत क्रिस्टोफर स्ट्रेची ह्यांनी बहुरूपतेचे विवेचन केले. एखादे फंक्शन एकदाच लिहावे आणि ते संख्या, नावे, तारखा अशा कोणत्याही प्रकारच्या वस्तूंवर सारखेच चालावे, हे तिचे सूत्र. एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात 'एमएल' ह्या भाषेत ते सूत्र प्रत्यक्षात आणले. १९७८ च्या निबंधात मिल्नर ह्यांनी त्याला गणिताचा पाया दिला.

ह्या परंपरेतील भाषांनी अभावाला एक डबी दिली. डबीत एक तर वस्तू असते, नाहीतर 'नाही' अशी चिठ्ठी असते. तारीख ठेवण्याची डबी आणि तारीख हे कंपायलरच्या दृष्टीने निराळे प्रकार ठरतात. दोन्ही शक्यतांचा विचार केल्यावाचून डबीतील वस्तू सहसा हाती येत नाही. आपल्या नैयायिकांनी अभाव हा कशाचा तरी अभाव असतो, असे बजावले होते. घटाचा अभाव वेगळा, पटाचा वेगळा. ही डबीही तसेच सांगते: तारखेची रिकामी डबी आणि नावाची रिकामी डबी एक नव्हेत.

मात्र डब्या निराळ्या असल्या, तरी त्या हाताळण्याची रीत एकच असू शकते. मृत्युदिनांकावरून मृत्युसमयीचे वय काढणारे एक फंक्शन आहे, असे समजा. ते साध्या तारखेवर चालते; रिकामेपणाची त्याला वार्ताही नाही. दुसरे एक सर्वसाधारण फंक्शन ते आपल्या हाती घेते व डबी पाहते. तारीख असेल तर वय काढून नव्या डबीत ठेवते. नसेल तर 'नाही' ही चिठ्ठी तशीच पुढे देते. हे फंक्शन एकदा लिहिले की तारीख, नाव, जमिनीचे क्षेत्र, सर्वांना पुरते. प्रत्येक जागी निराळी तपासणी लिहिणे नको आणि ती विसरण्याची भीतीही नको.

मग हे औषध लोकांपर्यंत पोचावयास इतका विलंब का लागला? एक कारण उघड आहे. बहुरूपतेवाचून प्रत्येक प्रकारासाठी वेगळी डबी घडवावी लागते आणि इतका खटाटोप कोणी करीत नाही. जावा भाषेत ही सोय २००४ साली आली आणि डबी २०१४ साली. त्याच वर्षी 'स्विफ्ट' व २०१५ साली 'रस्ट' ह्या भाषांनी तिला आरंभापासूनच आपल्या रचनेत स्थान दिले.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. १२ जून २०२५ रोजी गूगलच्या यंत्रणेत रिकामे रकाने असलेली एक नोंद काही सेकंदांत जगभर पसरली. नल संदर्भाशी गाठ पडताच परवानगी तपासणारा कार्यक्रम पुन्हा पुन्हा कोसळू लागला आणि असंख्य सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअरची यंत्रणा ठप्प झाली. तेथील भाषा तर रस्ट होती. डबीच्याच जातीची, 'उत्तर किंवा चूक' अशी वेष्टने त्या भाषेत असतात. त्यांपैकी एक, आत उत्तर असणारच असे गृहीत धरून, सक्तीने उघडण्यात आले होते. आत चूक निघाली.

तात्पर्य, चांगली भाषा रिकाम्या रकान्यापाशी माणसाला थबकावयास लावू शकते. थबकल्यावर चौकशी करावयाची, की डोळे मिटून पुढे जावयाचे, हे ती ठरवू शकत नाही. रकान्यात शून्य भरून वेळ निभावणारा कारकून पूर्वीही होता. तो टाळण्यासाठी 'नाही' ही नोंदसुद्धा 'आहे' इतक्याच काळजीने लिहावी लागते.