माहुलीचे पाणी

भिवंडीहून नाशिकच्या रस्त्याला लागले आणि पडघा मागे पडले, की डाव्या हाताला सुळक्यांची रांग दिसू लागते. तो माहुलीचा डोंगर. आम्हा भिवंडीकरांना तो पावसाळ्यात हटकून आठवतो, कारण तेव्हा त्याच्या कड्यांवरून धबधबे कोसळत असतात.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्हारसाच्या थरांतून हा डोंगर घडला. पावसाने कच्चा खडक झिजवला, टणक तेवढा उभा राहिला. वजीर, नवरा, नवरी, भटजी ही त्या सुळक्यांची नावे लोकांनीच ठेवली. माहुली, पळसगड आणि भंडारगड असे तीन गड येथे शेजारी शेजारी आहेत. १६३६ साली शहाजीराजांनी बाल निजामशहाला घेऊन येथेच आसरा घेतला. मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे गड सोडावा लागला आणि निजामशाही संपली. पुढे शिवाजी महाराजांनी गड मिळवला. तो १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेला आणि १६७० च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत जिंकला.

आज तटबंदी ढासळली आहे. रान मात्र टिकले. त्याला एक कारण मुंबईची तहान. माहुलीच्या उत्तरेला १८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले. त्याचे पाणी मोठ्या नळांतून आमच्या भिवंडी तालुक्यातून मुंबईला जाते. त्या पाण्यासाठी तलावाभोवतीचे जंगल राखले गेले आणि १९७० मध्ये तानसा अभयारण्य जाहीर झाले. शंभराहून अधिक वर्षे नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला; २०१४ मध्ये तो तानसाच्या रानातही दिसला.

धबधबा कड्यावर दिसतो, पण त्याचा जीव वरच्या रानात असतो. मुळांनी आणि पालापाचोळ्याने धरलेले पाणी सावकाश सुटते, म्हणून पाऊस उघडल्यावरही ओहोळ वाहतात. रान उजाड झाले तर पाणी पावसापुरतेच धावेल आणि जाताना माती घेऊन जाईल.

दर पावसाळ्यात जिल्ह्यातल्या धबधब्यांवर माणसे बुडतात, प्रशासनाला मनाईचे आदेश काढावे लागतात. पाणी ओसरल्यावर खडकांत बाटल्या उरतात. म्हणून माझे सांगणे एवढेच: माहुलीला जरूर जावे, गावकरी आणि वनखाते सांगतील तिथे थांबावे, आणि नेलेले सारे परत आणावे. गड राखायला एके काळी शिबंदी लागत असे. हे पाणी राखायला आपण पाहुणेच पुरे आहोत.